डोळ्याची पारख आणि यंत्राचे माप

(इयत्ता ७ वी : चित्रसंपादनाचा एक पाठ)

उद्देश : (१) शेजारच्या रंगामुळे व उजेडामुळे एकच रंग डोळ्यास निरनिराळा भासतो, हे मुलांस प्रयोगाने पटविणे. (२) छायाचित्र सुधारणे आणि छायाचित्र बदलणे यांतील भेद मुलांच्या ध्यानी आणून देणे.

साहित्य : काळा, पांढरा व करडा असे तीन जाड कागद, कात्री, कॅमेरा असलेला एक मोबाईल, एक संगणक व त्यावर ‘गिंप’ हे विनामूल्य मिळणारे चित्रसंपादनाचे साधन.

वेळ : दोन तासिका.

प्रास्ताविक

लुगड्यावर जुळता खण घ्यावयास गेलेली जाणती बाई दुकानातील दिव्याखाली रंगाचा निर्णय करीत नाही. कापड हातात घेऊन ती दारापर्यंत येते, दिवसाच्या उजेडात ते लुगड्यालगत धरून पाहते आणि मगच पैसे मोजते. उजेड बदलला की रंग बदलतो, आणि शेजार बदलला तरी रंग बदलतो, ही दोन्ही तत्त्वे ती अनुभवाने जाणत असते.

आपल्या शाळांतून संगणक आले, तेव्हा चित्रसंपादनही आले. परंतु कोणते बटण दाबले असता चित्र उजळते, एवढेच शिकविण्यात तासिका संपते. ते चित्र ज्या डोळ्याने पाहावयाचे, त्या डोळ्याची ओळख मात्र राहून जाते. ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न पुढील पाठात केला आहे.

१. प्रस्तावना

मुलांच्या पूर्वज्ञानापासून आरंभ करावा. रांगोळीत हिरव्याला लागून लाल रंग भरला तर तो कसा दिसतो, आणि तोच लाल नारिंगीला लागून भरला तर कसा दिसतो, असे विचारावे. मुली तत्काळ उत्तर देतील, की हिरव्याजवळचा लाल अधिक खुलतो. ‘चिमटीतील रंग तोच असून असे का व्हावे?’ हा प्रश्न विचारून येथे क्षणभर थांबावे.

मग शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची हकीकत सांगावी. पॅरिस येथील गोबलँ या प्रसिद्ध विणकामशाळेत १८२४ साली रंगखात्यावर त्याची नेमणूक झाली. तेथील काळे सूत निळ्या-जांभळ्या कापडात फिके पडते, अशी तक्रार होती. शेव्रलने ते सूत इतर ठिकाणच्या काळ्या सुताशी ताडून पाहिले, तो रंगात दोष आढळेना. दोष होता तो शेजाराचा. निळ्या-जांभळ्याच्या संगतीत काळा आपले तेज गमावीत होता. रसायनशाळेत शोधावयाचे उत्तर पाहणाऱ्याच्या डोळ्यात सापडले, आणि त्यावर त्याने १८३९ साली एक मोठा ग्रंथ लिहिला.

२. हेतुकथन

‘आपला डोळा काय सांगतो आणि यंत्र काय सांगते, हे आज आपण ताडून पाहू,’ असे सांगून मुख्य विषयाकडे वळावे.

३. विषयप्रतिपादन

(अ) कागदाचा प्रयोग. करड्या कागदाचे सारख्या आकाराचे दोन चौकोन मुलांच्या देखत कापावेत. एक काळ्या कागदाच्या मध्यभागी व दुसरा पांढऱ्या कागदाच्या मध्यभागी ठेवावा. काळ्यावरील चौकोन उजळ व पांढऱ्यावरील गडद भासेल. दोन्ही एकाच कागदाचे आहेत हे ठाऊक असूनही तसेच भासेल, ही गोष्ट मुलांकडून वदवून घ्यावी. आता दोन भोके पाडलेला एक मोठा कागद वर असा धरावा, की चौकोनांचा मधला भाग तेवढा दिसेल. शेजार झाकला जाताच दोन्ही रंग एक होतात.

हा डोळ्याचा दोष आहे काय, असे मुले विचारतील. त्यांस खडू-फळ्याचे उदाहरण द्यावे. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स इतका उजेड असतो, तर वर्गात तो काही शेकडे लक्सच असतो. म्हणून उन्हात ठेवलेल्या काळ्या फळ्यावरून डोळ्यात येणारा प्रकाश वर्गातील पांढऱ्या खडूवरून येणाऱ्या प्रकाशाहून पुष्कळ अधिक असतो. तरीही फळा काळाच दिसतो व खडू पांढराच. याचे कारण असे, की डोळा प्रकाश मोजीत नाही, तो तुलना करतो. अशी तुलना त्यास करता आली नसती, तर ढग आला की आपणांस आपली गाय ओळखू आली नसती. एडवर्ड एडल्सन या शास्त्रज्ञाने १९९५ साली काढलेले सावलीतील चौकटींचे चित्र मिळाल्यास दाखवावे. त्यातील एक घर काळपट व एक पांढुरके दिसते. वस्तुतः दोन्ही अगदी एकाच करड्या रंगाची आहेत.

(आ) यंत्राचे माप. संगणकातील चित्र बारीक ठिपक्यांचे असते, त्यांस पिक्सेल म्हणतात. १९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र यंत्रात घातले, त्यात १७६ ओळी व प्रत्येक ओळीत १७६ ठिपके होते. एकूण ठिपके किती, हा गुणाकार मुलांकडून करवून घ्यावा. उत्तर ३०,९७६ येते. आज खिशातील मोबाईलचे चित्रही कोट्यवधी ठिपक्यांचे असते.

पडद्यावरील प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा व निळा असे तीन प्रकाश असतात. मोबाईलचा पडदा पांढरा करून, ओले बोट झटकून त्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब पाडावा. थेंब भिंगाचे काम करतो आणि पांढऱ्याच्या पोटातले तीन रंग दिसू लागतात. आपल्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशीही तीन प्रकारच्या असतात, म्हणून तीन प्रकाशांवर काम भागते. प्रत्येक प्रकाशाचे माप ० पासून २५५ पर्यंत, म्हणजे २५६ पायऱ्यांचे असते. तिन्हींच्या मेळाने १,६७,७७,२१६ रंग होऊ शकतात.

आता गिंपमध्ये पडद्याचा अर्धा भाग काळा व अर्धा पांढरा करून दोन्हींत १२८, १२८, १२८ या मापाचा एकेक चौकोन भरावा. डोळ्यास ते निराळे दिसतील. रंग उचलण्याच्या साधनाने दोन्हींवर टिचकी मारून आकडे वाचावयास सांगावे. आकडे तेच निघतील. शिक्षकांच्या माहितीसाठी एक गोष्ट येथे नमूद करतो. १२८ हा आकडा मधला असला, तरी त्या ठिपक्यातून येणारा प्रकाश पांढऱ्याच्या निम्मा नसून सुमारे एकपंचमांश असतो. डोळ्यास मात्र तोच मधला वाटतो. अर्थात यंत्राचे हे मापही मुळात डोळ्याच्या सोयीनेच आखलेले आहे.

(इ) छायाचित्रावरील प्रयोग. आमच्या शाळेत चुन्याने रंगविलेल्या भिंतीपुढे सातवीच्या वर्गाचे छायाचित्र घेतले होते. मागच्या रांगेतील एका सावळ्या मुलीचे नाक-डोळेही त्यात ओळखू येत नव्हते. काही मुले हसली. ती मुलगी खाली मान घालून बसली. त्या दिवशी हा पाठ घेण्याचे ठरले.

प्रथम भोक पाडलेला कागद पडद्यावर असा धरला, की तिचा चेहरा तेवढा दिसावा व भिंत झाकली जावी. चेहरा लगेच थोडा उजळ भासला. जेवढा फरक पडला तेवढा डोळ्याच्या तुलनेचा भाग होता. तरी चेहरा बराच काळवंडलेला राहिलाच, तो कॅमेऱ्याचा भाग. आपोआप उजेड ठरविणारा कॅमेरा बहुधा सर्व दृश्याची सरासरी मध्यम धरून चालतो. पांढरी भिंत पुष्कळ जागा व्यापते तेव्हा तो येणारा प्रकाश कमी करतो, आणि त्याचा भुर्दंड चेहऱ्यांस पडतो. मुलीत काहीच उणे नव्हते, हे मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले.

हसणाऱ्यांपैकीच एका मुलाकडे चित्र सुधारण्याचे काम दिले. मूळ प्रत बाजूस ठेवून दुसऱ्या नावाच्या प्रतीवर तो बसला. प्रथम त्याने सबंध चित्राचा उजळपणा वाढविला. चेहरे दिसू लागले, पण भिंतीवर फिक्या निळ्या अक्षरांत लिहिलेला सुविचार नाहीसा झाला. ‘गुरुजी, सुविचार गेला!’ तो म्हणाला. आकडे वाचले, तो भिंत व अक्षरे दोन्ही २५५ झालेली. जे २५५ च्या पलीकडे ढकलले, त्यातील भेद त्या प्रतीतून पुन्हा काढता येत नाही. मूळ प्रत का जपावी, हे त्यास निराळे सांगावे लागले नाही.

दुसऱ्या वेळी त्याने ‘लेव्हल्स’ या साधनातील मधला काटा तेवढा सरकविला. त्यामुळे मधले व गडद रंग उजळले, भिंत जवळपास तशीच राहिली. मुलीचे डोळे दिसले, हसूही दिसले. यशाने त्याचा हात थांबेना. काटा सरकत गेला, सगळे चेहरे पिठासारखे झाले, आणि तो तिला म्हणाला, ‘बघ, तुला गोरी केली!’

तिने क्षणभर पाहिले व म्हणाली, ‘ही मी नाहीच. माझे डोळे दिसत होते तेवढं पुरे होतं.’

वर्गात शांतता पसरली. कोठे थांबावयाचे, हा प्रश्न आता मुलांपुढे आपोआप उभा राहिला. त्याचे उत्तर कोणत्याही आकड्यात नव्हते. काटा हळूहळू मागे आणण्यास सांगितले. सात वर्षे तिच्या बाकावर बसलेल्या मैत्रिणी पाहत होत्या. एके ठिकाणी ती स्वतःच म्हणाली, ‘हं, आता.’ तीच प्रत आज शाळेच्या भिंतीवर आहे.

४. सामान्यीकरण

पुढील नियम मुलांकडून काढून घेऊन फळ्यावर लिहावेत.

(१) डोळा तुलना करतो, यंत्र मोजते. एकाची साक्ष दुसऱ्याने ताडून पाहावी.
(२) रंगाचा निर्णय करण्यापूर्वी त्याचा शेजार व त्यावरील उजेड पाहावा.
(३) मूळ प्रतीस हात लावू नये. काय बदलले त्याची नोंद ठेवावी.
(४) कॅमेऱ्याने जे झाकले ते उघडे करणे ही सुधारणा होय. जे मुळात नव्हते ते घालणे हा बदल होय, आणि तो सांगितल्यावाचून करणे ही लबाडी होय.

चौथ्या नियमाच्या स्पष्टीकरणार्थ एक उदाहरण पुरे. १९८२ च्या फेब्रुवारीत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ या मासिकाने, आडवे छायाचित्र उभ्या मुखपृष्ठावर बसावे म्हणून, गिझाचे पिरॅमिड यंत्राच्या साहाय्याने एकमेकांजवळ सरकविले. त्यावर मोठा वाद झाला. आज तर हे काम कोणासही मोबाईलवर करता येते. म्हणून ‘हे चित्र मूळचे असेच आहे काय?’ असे विचारण्याची सवय सातवीतच लागली पाहिजे.

५. उपयोजन व स्वाध्याय

(१) एकाच फुलाचे छायाचित्र सकाळी, भर दुपारी व दिव्याखाली घ्यावे. प्रत्येक वेळी शेजारी पांढरा कागद ठेवावा. तिन्ही चित्रांतील कागदाचे तीन आकडे लिहून, कोणता प्रकाश कोणत्या वेळी अधिक होता ते सांगावे.
(२) घरातील एखादे विटलेले छायाचित्र मोबाईलने टिपून, प्रतीवर सुधारावे. केलेल्या बदलांची यादी वहीत लिहावी.
(३) एकाच रंगाच्या दोन रांगोळ्या निरनिराळ्या रंगांच्या शेजारी काढून घरच्यांचे मत विचारावे.

शिक्षकांस एक सूचना

लाल व हिरवा यांतील भेद न कळणारा एखादा विद्यार्थी वर्गात असू शकतो. ही अडचण बहुधा जन्मजात असते व मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक आढळते. असा मुलगा रंग चुकवील तेव्हा त्यास निष्काळजी म्हणून रागावू नये. आकडे वाचून तो बिनचूक काम करू शकतो, आणि त्याच्या पालकांस डोळ्यांची तपासणी करून घेण्यास सुचविणे हे आपले कर्तव्य आहे.

हस्तकौशल्याचे साधन बदलते, कालच्या कुंचल्याची जागा आज काट्याने घेतली आहे. परंतु समोरच्या माणसास तो आहे तसा पाहावयास शिकणे, हे चित्रकलेच्या तासिकेचे जुनेच काम आहे, आणि ते यंत्रावर सोपविता येत नाही. ते वर्गात शिक्षकासच करावे लागते.