मोठी फर्म की मधली? आधी फीचं पत्र मागा

वकिलाला फी देणारा पक्षकार ग्राहक संरक्षण कायद्याच्या नजरेत ग्राहक नाही. ‘बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी तसा निकाल दिला. त्यामुळे फी भरमसाट लावली किंवा कामात हयगय केली, अशी वकिलाविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही. गैरवर्तनासाठी बार कौन्सिल आहे, नुकसानीसाठी दिवाणी कोर्ट आहे, आणि दोन्हीकडे वेळ जातो. म्हणून जी काही घासाघीस करायची ती वकीलपत्रावर सही करण्याआधी.

सोलापुरात हा प्रश्न बहुतेकदा धंद्यातून येतो. समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचा टॉवेलचा कारखाना आहे आणि दिल्लीच्या खरेदीदाराने अठरा लाख थकवले आहेत. गावातले वकील आहेतच. सीनियर, हाताखाली चार ज्युनिअर आणि सगळ्या तारखा तोंडपाठ असलेला क्लार्क. कोणी पुण्यातली वीस-पंचवीस वकिलांची मधली फर्म सुचवतं. भाचा मुंबईत नोकरीला असेल तर तो सिरिल अमरचंद मंगलदास किंवा खेतान अँड कंपनी अशी शेकडो वकिलांची नावं घेतो.

मोठ्या फर्ममध्ये बिल साधारणपणे तासांवर निघतं. पुढचे दर केवळ हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. भागीदार वकिलाचा तास १५,००० रुपये, सहायकाचा ६,०००. भागीदाराने तुमचं ऐकून घेतलं आणि शेवटी मसुदा तपासला, दोन तास. सहायकाने बिलं, चलनं, ईमेल वाचून नोटीस लिहिली, आठ तास. झाले ७८,००० रुपये, आणि अजून फक्त नोटीस गेली आहे. वकिली सेवेवरचा १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने धंदेवाल्या पक्षकारालाच भरावा लागतो (लहान उलाढालीच्या धंद्यांना सूट आहे). म्हणजे आणखी १४,०४०, तेही रोखीने; क्रेडिट मिळालं तर नंतर. ज्यांना टीडीएस लागू आहे त्यांनी वर्षाची फी ५०,००० च्या वर गेली की १० टक्के कापायचा असतो. तो फीमधूनच जातो, पण कापायला विसरलात तर भुर्दंड तुमचा.

मुंबईच्या लेटरहेडवर नोटीस गेली की समोरचा हादरतो, असं बाजारात म्हणतात. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. लेटरहेड बघून पैसे सोडणाऱ्या माणसाने ते थकवलेच नसते.

शिवाय अशा वसुलीत कायदाच भांडण तुमच्या दारात आणून ठेवतो. खरेदीदाराचा चेक परत आला असेल, तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर फिर्याद तिथल्या कोर्टात होते जिथे तुमच्या खात्याची शाखा आहे. खातं सोलापुरात, तर कोर्ट सोलापूरचं. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस, त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. या मुदती सांभाळायला रोज कोर्टात उभा असणारा माणूस लागतो; मुंबईची फर्म घेतलीत तरी ती शेवटी सोलापूरचाच वकील उभा करणार आणि त्याची फी वेगळी लावणार.

चेक नसेल आणि तुम्ही उद्यम नोंदणी असलेले सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याखालची सुविधा परिषद आहे. तिचं अधिकारक्षेत्र माल पुरवणाऱ्याच्या ठिकाणावरून ठरतं, म्हणजे खरेदीदार दिल्लीचा असला तरी अर्ज महाराष्ट्रात. कराराने दिलेली उधारीही जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांची; पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. हा अर्ज कागदपत्रं नीट लावणारा स्थानिक वकील उत्तम करतो.

उच्च न्यायालयाचं गणितही बदललं आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठायची, ही पद्धत त्या कामांपुरती संपली. तेव्हा फर्म पुण्याची असो की मुंबईची, थेट विचारा: कोल्हापुरात तुमचा माणूस कोण? ‘तिथे कौन्सेल लावू’ असं उत्तर आलं, तर त्यांची फी, प्रवास आणि मुक्काम यांचा आकडा त्याच बैठकीत मागा.

मग मोठी फर्म कधी? गुंतवणूकदाराला कंपनीतला हिस्सा विकताना, परदेशी खरेदीदाराच्या करारात सिंगापूर किंवा लंडनचा लवाद लिहिलेला असताना, शेअर बाजारात उतरताना. तिथे कर, परकीय चलन आणि कंपनी कायदा एकाच वेळी बघणारी माणसं लागतात आणि ती फी वाजवी ठरते. मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणातलं काम, जीएसटीचं अपील, भागीदारी फुटणं, यासाठी मधली फर्म पुरते. माझं मत विचाराल तर सोलापूरच्या कारखानदाराची बरीचशी मोठी कामं मधल्या फर्मच्याच मापाची असतात. ट्रेडमार्कला तर तीही नको: ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्ती आणि लघुउद्योगाला प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. त्यावरचा प्रत्येक रुपया मेहनताना आहे, हे माहीत असलं की घासाघीस सोपी जाते.

फीच्या पत्रात काय हवं? ठरलेली रक्कम की तासाचे दर. तासाचे असतील तर कमाल मर्यादा. काम प्रत्यक्ष कोण करणार, त्याचं नाव. तारीख नुसती पुढे ढकलली गेली तर त्या दिवसाची फी लागणार का. नक्कल, टायपिंग, झेरॉक्स, प्रवास कशात. कोर्ट फी स्टॅम्प वेगळा असतोच. दाव्याच्या रकमेवर ठरणाऱ्या या फीची महाराष्ट्रातली कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे. ‘वसुलीतले दहा टक्के द्या, बाकी काही नको’ असं कोणी म्हणालं तर उठून या. निकालावर किंवा वसुलीच्या वाट्यावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे.

वकिलाची पारख फुकट होते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोधलं की जिल्ह्यात त्यांची कोणती प्रकरणं चालू आहेत ते दिसतं. नाही पटलं तर वकील बदला. फी थकली म्हणून फाइल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

आणि फर्म निवडण्याइतके पैसेच नसतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर वकील मोफत मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अटही नाही.