वसंतातील परसबाग : उन्हाळ्याआधीची पेरणी

पंचांगाप्रमाणे वसंत ऋतु चैत्र-वैशाखात येतो. परंतु महाराष्ट्रात घराभोवतीच्या जागेत चार भाज्या आणि मूठभर फुले पिकवू इच्छिणाऱ्याने चैत्राची वाट पाहिली, तर त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास पेरलेले बी उगवते, वेलही भराभर वाढतात. पण ऐन फुलोऱ्याच्या वेळी मे महिन्याचे ऊन त्यांना गाठते. परसबागेचा वसंत वास्तविक माघातच सुरू होतो. माघ शुद्ध पंचमी, म्हणजे वसंत पंचमी, जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीच्या पूर्वार्धात येते. उन्हाळी पेरणीची खूण म्हणून ती ध्यानात ठेवण्यास सोयीची आहे.

बागकामावरील बहुतेक इंग्रजी पुस्तके थंड देशांसाठी लिहिलेली असतात. तेथील बागवानाला एकच चिंता असते, ती म्हणजे शेवटचे हिमदव केव्हा पडेल याची. त्यानंतर पुढचा सारा उन्हाळा त्याचाच असतो. आपल्याकडे हिशेब उलट आहे. कडक ऊन सुरू होण्यास किती दिवस उरले आहेत, हे आपण मोजावयाचे असते आणि तेवढ्या दिवसांत रोपाने मुळे धरून फुलावर यावे, अशा बेताने बी टाकावयाचे असते.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत प्रौढ व्यक्तीच्या रोजच्या जेवणात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात, असे सुचविले आहे. एप्रिल-मे मध्ये भाजी महागते आणि गरिबाच्या ताटातून ती सर्वांत आधी नाहीशी होते. घरच्या चार वाफ्यांचे मोल या दोन महिन्यांत कळते.

थंडी आणि ऊन यांच्या मधले दिवस

घाई करावयाची म्हणून संक्रांतीलाच भेंडी पेरणेही उपयोगाचे नाही. नाशिक-पुण्याकडे जानेवारीत रात्रीचे तापमान कित्येकदा १० अंश सेल्सियसच्या खाली उतरते. अशा गार मातीत भेंडीचे बी उगवत नाही, कुजते. थंडीचा कडाका ओसरला की भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुधी, दोडका व कारली यांची पेरणी करावी. कोकणातील थंडी सौम्य असल्याने तेथे काही आठवडे आधी आरंभ करता येतो. विदर्भात मात्र पुढे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेथे फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा दवडू नये.

टोमॅटोची गोष्ट वेगळी आहे. त्याचे झाड उन्हात जगते, पण फळ धरत नाही. दिवसाचे तापमान ३५ आणि रात्रीचे २५ अंशांच्या वर राहू लागले की परागकण निकामी होतात व फुले गळतात. म्हणून टोमॅटोचे बी डिसेंबर अखेरीस वाफ्यात टाकून चार-पाच आठवड्यांची रोपे जानेवारी संपताना लावलेली असावीत, म्हणजे मार्चमध्ये फळधारणा होते. ज्यांना हे साधले नाही, त्यांनी फेब्रुवारीच्या आरंभी रोपवाटिकेतून तयार रोपे आणावीत. मार्चमध्ये टोमॅटोचे बी टाकणे म्हणजे नुसती पाने पिकविणे होय.

बी आणि वाफा

कारल्याचे कवच टणक असते. त्याचे बी कोमट पाण्यात दिवसभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवावे आणि मोड दिसताच लावावे. भेंडीला एक रात्र भिजविणे पुरेसे होते. धने आख्खे न पेरता रगडून त्यांच्या दोन डाळी करून घ्याव्यात. पाकिटातील बी गुलाबी किंवा हिरव्या रंगाचे असेल, तर त्याला औषध लावलेले आहे असे समजावे. असे बी भिजवू नये, मुलांच्या हाती देऊ नये आणि पेरल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून आपण गादीवाफा करतो. उन्हाळ्यात हीच उंच गादी चारही बाजूंनी वाळते. म्हणून या दिवसांत सपाट वाफा बरा. चांगले कुजलेले शेणखत मिसळून बी त्याच्या जाडीच्या दुपटी-तिपटीइतके खोल पेरावे व वर भाताचे काड किंवा उसाचे पाचट पसरावे. कोंब दिसताच हे आच्छादन सायंकाळी काढावे. ते तसेच राहिले तर रोपे लांबट व पांढुरकी होतात. पाणी झारीने सकाळी द्यावे. रात्रभर चिंब राहिलेल्या दाट वाफ्यात रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. नवशिक्याचा हात नेमका येथे सैल सुटतो. बी आणि पाणी दोन्ही तो गरजेपेक्षा अधिक टाकतो.

उन्हाळ्यात भेंडीवर पांढरी माशी वाढते व तिच्यामुळे पाने पिवळ्या शिरांची करणारा केवडा रोग पसरतो. त्यास तोंड देणारे ‘परभणी क्रांती’ हे वाण परभणीच्या कृषि विद्यापीठाने, तर ‘अर्का अनामिका’ हे बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने निर्माण केले. कालांतराने त्यांची प्रतिकारशक्ती काहीशी उणावली असली, तरी घरगुती बागेस ती उपयुक्त आहेत. रोगट झाड मात्र दया न दाखविता उपटावे.

वेलाला फुले येतात, फळे का येत नाहीत?

ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. दुधी, दोडका, काकडी, कारली यांच्या एकाच वेलावर नर व मादी अशी निरनिराळी फुले येतात. मादी फुलाच्या खाली इवलेसे फळ आधीच असते. नर फूल नुसत्या देठावर उभे असते. आरंभीची फुले बहुधा नरच असतात व ती गळणारच. परंतु दिवस मोठा होत जातो, उष्णता वाढते, तसतशी नर फुलांची संख्या आणखी वाढते आणि मादी फुले उशिरा व थोडी येतात. मांडव हिरवागार असूनही टोपली रिकामी राहते, याचे कारण पुष्कळदा उशिराची पेरणी हेच असते. नत्रयुक्त खताचा अतिरेकही यास हातभार लावतो.

शहरातील उंच इमारतींच्या सज्जांत मधमाशा व पतंग क्वचितच पोचतात. तेथे परागीकरण हाताने करावे. नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात व मधला पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावा. यातही वेळ सांभाळावी लागते. काकडी व कारल्याची फुले सकाळी उमलतात; दुधी आणि दोडक्याची सायंकाळी. सकाळी दुधीच्या कोमेजल्या फुलापाशी खटपट करून काही साधत नाही.

पाण्याचा प्रश्न

ज्या गावी पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे त्या पाण्यावर बाग करा, असे सांगणे योग्य होणार नाही. तेथे दोन वेल आणि एक शेवगा एवढीच मर्यादा ठेवावी व त्यांना डाळ-तांदूळ, भाज्या धुतल्याचे पाणी द्यावे. आपल्या जुन्या घरांत मोरीच्या पाण्यावर केळी लावण्याची रीत होती, ती विचारपूर्वक पडलेली होती. साबणाचे पाणी केळीला चालते, पण कोथिंबिरीच्या किंवा पालेभाजीच्या वाफ्यात ते सोडू नये. बुंध्याभोवती वाळक्या पानांचा चार बोटे थर दिल्यास ओल टिकते. पश्चिमेच्या भिंतीलगत दोडक्याचा मांडव घातला, तर त्याच्या सावलीत माठ आणि कोथिंबीरही तग धरतात, शिवाय घराची भिंत तापत नाही.

फुलांविषयी

फेब्रुवारीत पिटुनिया व पॅन्सीची बहरलेली रोपे मोह पाडतात. ती थंडीची फुले आहेत. घरी आणल्यावर थोड्याच आठवड्यांत माना टाकतात. या दिवसांत झिनिया, गेलार्डिया, पिवळा कॉसमॉस, सूर्यफूल यांचे बी टाकावे. ऊन चढल्यावर उमलणारा चिनी गुलाब तर नुसत्या काडीनेही लागतो. टोमॅटोच्या ओळींत झेंडू असावा. त्याच्या मुळांमुळे जमिनीतील सूत्रकृमी कमी होतात. मोगऱ्याची छाटणी अद्याप केली नसेल, तर ती विनाविलंब उरकून खतपाणी द्यावे, कारण त्याचा बहर नव्या फुटीवर येतो.

सुधारित वाणाचा वेल असेल, तर अखेरीस एक निरोगी दुधी न तोडता वेलावरच वाळू द्यावा. संकरित वाणाच्या बाबतीत हा खटाटोप करू नये, कारण त्याची पुढची पिढी सारखी निपजत नाही. शेजारी दुसऱ्या वाणाचा दुधी असेल, तरीही बी शुद्ध राहत नाही. साल कठीण होऊन दुधी हलविल्यावर आत बी खुळखुळू लागले की तो काढावा, फोडून बी सावलीत वाळवावे आणि राख लावून बरणीत पुढील माघापर्यंत ठेवावे.