गुडघ्याला बाशिंग

साठी जवळ आली आणि उजवा गुडघा बोलू लागला. तेवढ्यात तमिळनाडूतल्या नामक्कल जिल्ह्यात, कोल्ली डोंगरावर जाण्याचा योग आला. घाटाची ७० अवघड वळणं चढून गेले आणि वर एका नेच्याच्या कंदाशी गाठ पडली. त्यानं मला जे दिलं, ते हे.

१. अन्न आणि औषध यांच्यामधली भिंत मीच बांधली होती. इथले मलयाळी आदिवासी या कंदाचं सूप करतात. (हे केरळचे मलयाळी नव्हेत, ‘मलै’ म्हणजे डोंगर, त्यावरून हे नाव.) मिरी, जिरं, लसूण, छोटे कांदे घातलेला वाफाळता पेला टपरीवाल्या अक्कांनी हातात दिला. मी विचारलं, ‘‘दिवसातून किती वेळा घ्यायचं? जेवणाआधी की नंतर?’’ त्या म्हणाल्या, ‘‘अम्मा, आधी गरम आहे तोवर प्या.’’

२. एका नावात किती पाहणं साठलेलं असतं! कंदाचं नाव मुडवाट्टुकाल. ‘मुडवन’ म्हणजे ज्याला धड चालता येत नाही तो, ‘आट्टुकाल’ म्हणजे बकऱ्याचा पाय. कंदावर दाट तपकिरी लव, हुबेहूब तसाच पाय. रूप आणि उपयोग, दोन्ही एका शब्दात. सांधेदुखीवर तो पिढ्यान्‌पिढ्या घेतला जातो.

३. लांब जाऊन भेटलेली वस्तू घरचीच निघाली. खडकाला चिकटलेला तो नेचा अक्कांनी दाखवला आणि मी थबकले. हे तर बाशिंग! कोकणात आजोळी आंब्याच्या खोडावर हेच होतं. याची पानं दोन तऱ्हांची. हिरवी लांब पानं बीजाणू धरतात. बुडाशी बसलेली आखूड पानं सुकून तपकिरी झाली तरी गळत नाहीत, पालापाचोळा अडवून मुळांसाठी माती करतात. लहानपणी मला ती मेलेली वाटायची.

४. जाणतेपण हातात असतं. अक्का लव आणि साल खरवडत होत्या, आतला फिकट हिरवट गर लागेपर्यंत. मला सुरी दिली. माझा अर्धा कंद सालीबरोबर गेला. ओळखही हाताचीच. सगळे नेचे खाण्याजोगे नसतात. ब्रॅकन नावाच्या नेच्यात तर कर्करोगाला कारण ठरणारं द्रव्य असतं.

५. घेण्याइतकंच ठेवणंही शिकावं लागतं. कंदाचं वाढतं टोक अक्कांनी खडकावरच राहू दिलं. कंद सरपटत वाढतो, तो त्या टोकाकडून. आता गिऱ्हाइकं वाढली आहेत, माझ्यासारखी लांबून येणारी. त्या टोकाचं काय होणार, हा प्रश्न पेल्याबरोबर मी घरी आणला.

६. गुडघा अजून दुखतो. एका पेल्यानं तो बरा व्हावा, ही अपेक्षा माझी होती. अक्कांनी तसं वचन दिलं नव्हतं. प्राण्यांवरच्या चाचण्यांत या कंदाचे दाह कमी करणारे गुण दिसले आहेत, हे नंतर वाचलं. पण सलतं ते वेगळंच. आंब्याखाली उभं राहून आजीनं मला ‘हे बाशिंग’ एवढं सांगितलं होतं. नवरदेवाच्या कपाळावर शोभेल असा आकार पाहून मी खूश झाले आणि खेळायला पळाले. ‘‘याचं काय करतात गं?’’ हे विचारायला मी थांबले नाही. आंबा अजून आहे, त्यावर बाशिंगही आहे.