स्वस्त रोल घ्यावा का गं, ताई?

अगं राणी, तो बिननावाचा रंगीत रोल मागवण्याआधी विचारलंस, फार बरं केलंस. काकांचा यशिका कॅमेरा आता तुझ्या गळ्यात आलाय आणि कोडॅकच्या रोलची किंमत बघून कुणाचाही हात आखडतो, ते मला कळतं. माझं म्हणणं एवढंच, की स्वस्त फिल्म खुशाल वापर, पण ती कोणत्या कारखान्यात बनली हे ठाऊक असेल तरच.

स्वस्त म्हणजे टाकाऊ असं मुळीच नाही. आपल्याकडेही सरकारी कारखाना होता, ऊटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स, १९६० साली स्थापन झालेला. त्यांचा 'इंदू' रोल परदेशी मालाच्या तोडीचा नसेलही, पण तो कुणी बनवला हे गिऱ्हाइकाला माहीत असायचं. तो कारखाना बंद पडला. आज तुझ्यासाठी दोन नावं आहेत, केंटमिअर आणि फोमापॅन. केंटमिअर इंग्लंडमध्ये इल्फर्डच्याच कारखान्यात बनते. फोमापॅन चेक प्रजासत्ताकातली, ती कंपनी १९२१ पासूनची. दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट आहेत आणि शिकायला उत्तम आहेत.

खोड मात्र प्रत्येकीची असते. फोमापॅन ४०० वर चारशे लिहिलेलं असलं तरी कॅमेऱ्यावर दोनशे लाव, म्हणजे सावल्या काळ्याकुट्ट होणार नाहीत. वेरूळच्या सोळा नंबरच्या लेण्यात, कैलासच्या कडेच्या ओवऱ्यांत शिरलीस की हे लगेच जाणवेल. केंटमिअरवर रात्री क्रांती चौकातल्या दिव्यांभोवती थोडी प्रभा पसरते. मला ती आवडते, तुला आवडेलच असं नाही. आणि बीबीच्या मकबऱ्याचा पांढरा घुमट चौकटभर घेतलास तर मीटर फसतं, एक स्टॉप जास्त उजेड दे.

आता त्या बिननावाच्या रोलबद्दल. असे पुष्कळ रोल म्हणजे सिनेमाच्या फिल्मचे तुकडे, कुणीतरी घरी डबीत भरलेले. त्यातल्या काहींच्या पाठीवर काळा कार्बनचा थर असतो. नेहमीच्या रंगीत फिल्मच्या मशीनमध्ये तो सुटला तर रसायन खराब होतं आणि इतरांचे रोलही बिघडतात, म्हणून लॅबवाले असे रोल परत पाठवतात. शिवाय हिशेब बघ ना. तू रोल कुरिअरने पुण्याला पाठवणार, तिथं धुलाई, वर स्कॅन. हा खर्च रोल महाग असो की स्वस्त, तेवढाच. डबीवर चार पैसे वाचवून छत्तीस फोटो पणाला कशाला लावायचे?

खरी बचत घरी धुण्यात आहे, आणि ती ब्लॅक अँड व्हाइटमध्येच सोपी. बाथरूममध्ये अंधार करून रोल टँकमध्ये चढवला की पुढचं सगळं उजेडात करता येतं. अडचण आपल्या गावच्या पाण्याची. डेव्हलपर साधारण २० अंशांवर लागतो आणि उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. म्हणून बाटल्या बर्फाच्या पाण्यात उभ्या कर, थर्मामीटर लाव, घाई करू नकोस. धुतलेल्या फिल्मवर वाहता नळ सोडायचा असं पुस्तकांत असतं. आपल्याकडे नळ कितीतरी दिवसांनी येतो, कुठून सोडणार? इल्फर्डची पद्धत वापर. टँक पाण्यानं भरून पाचदा उलटासुलटा करायचा, ओतून पुन्हा भरायचा आणि दहादा, मग पुन्हा भरून वीसदा. तीन टँक पाण्यात काम होतं. मराठवाड्यातल्या मुलीनं हे पाठच करावं.

रोल स्कूटीच्या डिकीत ठेवू नकोस, अगदी दहा मिनिटंसुद्धा नाही. घरी फ्रिजमध्ये, बंद डब्यात ठेव आणि वापरायच्या तासभर आधी बाहेर काढ, नाहीतर गार फिल्मवर दमट हवेचं पाणी साचतं. उन्हात पडून असलेला दुकानातला रोल फुकट मिळाला तरी नको.

उस्मानपुऱ्यातल्या गल्ल्या, पीरबाजारातली गर्दी, संत एकनाथ रंगमंदिराबाहेर नाटक सुटल्यावरची माणसं, हे सगळं केंटमिअरवर मनसोक्त काढ. चुकलं तर उद्या पुन्हा काढता येतं. पण आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे ना पुढे? त्या दिवशी कॅमेऱ्यात कोडॅक गोल्डच घाल. तिथं माझं ऐकायचंच.

केंटमिअर ४०० मागव. टँक आणि थर्मामीटर विकत घेऊ नकोस, माझ्याकडे आहेत. पहिला रोल भरला की रविवारी सकाळीच ये, आपण दोघी मिळून धुऊ.