मन कुठे आहे?



ब्लॅकटाउनमध्ये हिवाळ्यात सकाळचे अकरा वाजतात तेव्हा मुंबईत साडेसहा. आपल्या वयाच्या बऱ्याच जणांचं मन अजून त्याच घड्याळावर चालतं. आता तिकडे नळाला पाणी आलं असेल, अमकीचा फोन का नाही आला? हातातला चहा केव्हा संपला ते कळतही नाही.

२०१० साली हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या संशोधकांनी सुमारे २,२५० माणसांना फोनवरून अधूनमधून विचारलं: आता काय करताय, मन कशात आहे, बरं वाटतंय का? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं, आणि तेव्हा माणसं कमी सुखी होती. गोड आठवणीत रमलेली माणसंसुद्धा कामात मन असलेल्यांपेक्षा जास्त सुखी निघाली नाहीत.

पण मला नर्स म्हणून जास्त काळजी पडण्याची. १९९७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वीडनचा एक छोटा अभ्यास आला. चालताना कुणी बोलायला लागलं की पाय थांबायचे, असे १२ वृद्ध त्यात होते. त्यांतले १० जण सहा महिन्यांत पडले. वय झालं की नुसतं चालायलाही लक्ष लागतं. म्हणून फोन वाजला तर आधी बसा, मग बोला.

गोळ्यांचंही तेच. टीव्ही बघत गोळी घेतली की दहा मिनिटांनी प्रश्न पडतो, घेतली का? अंदाजाने दुसरी घेऊ नका, फार्मसीत विचारा. वेबस्टर पॅक करून घेतलात तर रिकामा कप्पाच सांगेल.

डोळे मिटून बसायची गरज नाही. मला तरी ते जमत नाही. मेथी निवडा आणि मेथीच निवडा. मन पळालं तर परत आणा. शंभरदा पळेल, रागावू नका.

आपले वाडवडील कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आपला घाणा म्हणजे व्हॉट्सॲप. शुक्रवारी दिवे लावले की तो बंद करा. एकटे राहणाऱ्यांनी मात्र फोन हाताशीच ठेवावा.

गेलेल्या माणसाची आठवण येणं हा आजार नव्हे. पण दोन आठवडे झोप नाही, जेवण नको, कशातच मन लागत नाही, असं असेल तर जीपीकडे जा. इंग्रजी अडत असेल तर वेळ ठरवतानाच मराठी दुभाषा मागा.