पाव किलोची पाणतीर नौका

एन.सी.सी.च्या नौदल शाखेतील छात्र जहाजांच्या प्रतिकृती बनवतात. त्यांच्या अखिल भारतीय शिबिरात या कलेची स्पर्धाही होते. पांढुर्णा-सौंसरकडील विद्यार्थ्याला हे सारे दूरचे वाटणे साहजिक आहे. आपल्या जाम नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी असा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते, एवढाच काय तो आपला समुद्राशी संबंध! पण प्रतिकृती समजून घ्यायला समुद्र लागत नाही. फूटपट्टी आणि शालेय गणित पुरते. उदाहरणासाठी दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पाणतीर नौका घेऊ.

जर्मन लोक तिला ‘श्नेलबोट’, म्हणजे वेगवान नौका, म्हणत. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीच्या मोठ्या युद्धनौकांवर कडक बंधने आली होती. त्याच सुमारास ल्यूर्सेन या कारखान्याने ओटो कान नावाच्या अमेरिकन सावकारासाठी ‘ओहेका’ ही सहलीची नौका बांधली होती. तिचा वेग पाहून नौदलाने तोच घाट उचलला आणि १९३० मध्ये पहिली ‘एस-१’ तयार झाली. श्रीमंताच्या हौसेतून युद्धाचे हत्यार निघावे, हा इतिहासाचा विचित्र न्यायच म्हणायचा.

पुढे सुधारत गेलेली ‘एस-१००’ वर्गाची नौका सुमारे ३५ मीटर लांब आणि १०० टनांच्या आसपास वजनाची होती. तळ गोलसर असल्याने खवळलेल्या समुद्रातही ती वेग राखी. आत तीन डिझेल इंजिने होती. ब्रिटिशांच्या अशा नौका बहुधा पेट्रोलवर चालत व गोळी लागताच पेटत. डिझेल तसे चटकन पेटत नाही. मुख्य सुकाणूच्या दोन्ही बाजूंना दोन छोटी सुकाणू होती. ठरावीक वेगानंतर ती बाहेरच्या बाजूस वळवली की नौकेची मागची बाजू उचलली जाई, मागची लाट लहान होई आणि वेग आणखी वाढे. पुढच्या भागात पाणतीर सोडण्याच्या दोन नळ्या होत्या.

आता गणित. रेव्हेल कंपनीची या नौकेची प्रतिकृती १:७२ प्रमाणात मिळते. ३५ मीटरला ७२ ने भागा. लांबी येते साधारण ४८ सें.मी. म्हणजे अभ्यासाच्या मेजावर ती सहज मावते. वल्हवणाऱ्याएवढ्या उंचीचा खलाशी तिच्यावर जेमतेम अडीच सें.मी.चा दिसेल. इथवर कोणीही सांगेल. वजनाचे काय? ते ७२ ने भागून चालत नाही. लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही ७२ पटींनी घटतात, म्हणून वजन ७२ च्या घनाने, म्हणजे ३,७३,२४८ ने भागावे लागते. शंभर टनांचे उरतात सुमारे २६८ ग्रॅम. पाव किलो साखरेहून थोडे जास्त!

वेगाचा नियम त्याहून निराळा. खरी नौका ताशी सुमारे ७० कि.मी. धावे. ७२ ने भागले तर प्रतिकृती ताशी एक किलोमीटरही चालणार नाही आणि तिच्यामागे खऱ्यासारखी लाटच उठणार नाही. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने दाखवून दिले की लाटा जुळवायच्या तर वेग प्रमाणाच्या वर्गमूळाने भागावा. ७२ चे वर्गमूळ साधारण साडेआठ. म्हणून प्रतिकृतीचा योग्य वेग ताशी आठ कि.मी.च्या थोडा वर येतो, माणसाने हलके धावावे तेवढा. फ्रूडने या प्रयोगांसाठी १८७२ मध्ये इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, टॉर्की येथे, पाण्याचा लांब हौद बांधून घेतला होता.

याच डेव्हनच्या किनाऱ्यासमोर या नौकांनी आपली सर्वांत भीषण कामगिरी केली. नॉर्मंडीवर उतरण्याची रंगीत तालीम म्हणून अमेरिकन सैनिकांनी भरलेली आठ जहाजे २८ एप्रिल १९४४ च्या मध्यरात्रीनंतर स्लॅप्टनच्या किनाऱ्याकडे चालली होती. शेरबूर्ग बंदरातून नऊ श्नेलबोटी निघाल्या आणि अंधारात त्या तांड्यावर येऊन पडल्या. संरक्षणाला नेमलेली एक विनाशिका दुरुस्तीसाठी बंदरात गेलेली होती. जहाजांना दिलेल्या कागदावर बिनतारी यंत्राची लहरसंख्या चुकीची पडली होती, म्हणून धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही. दोन जहाजे बुडाली, तिसरे जबर जखमी झाले. अनेकांनी जीवरक्षक पट्टे काखेखाली बांधण्याऐवजी कमरेला बांधले होते. त्यामुळे पाण्यात पडताच ते उलटे झाले. एकूण ७४९ माणसे मेली असा आकडा सांगितला जातो. स्वारीचे गुपित फुटू नये म्हणून ही बातमी तेव्हा दाबून ठेवण्यात आली.

इथे पुन्हा फूटपट्टी घेऊ. जर्मन पाणतीर सुमारे सात मीटर लांब असे आणि त्याच्या टोकात २८० किलो स्फोटके असत. १:७२ च्या प्रतिकृतीत तो दहा सें.मी.ची काडी होतो आणि स्फोटके उरतात पाऊण ग्रॅम. मेलेल्या माणसांना मात्र असे कोणतेही प्रमाण लावता येत नाही.

छोट्या नौकेवर मोठे हत्यार, ही कल्पना युद्धानंतर पाणतीर सोडून क्षेपणास्त्राकडे गेली. १९७१ मध्ये भारताने रशियाकडून अशा आठ नौका घेतल्या. लांबी ३८.६ मीटर, म्हणजे श्नेलबोटीहून थोडीच जास्त, आणि प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रे. त्यांचा पल्ला लहान, म्हणून मोठ्या जहाजांनी त्यांना ओढत नेण्याचाही सराव करण्यात आला. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ यांनी कराचीवर हल्ला केला. पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंग काढणारी नौका बुडाली. नौदल दिन ४ डिसेंबरला असतो तो यामुळे.

त्याच कुळातील नंतरची ‘चपळ’ नौका, १९७६ मध्ये नौदलात आलेली, आता कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. कन्नड विभागातील मित्रांना हे गाव सांगायला नको. तिथे गेलात तर सोबत मोजपट्टी न्यावी: १:७२ मध्ये ती ५३.६ सें.मी. भरते.