मामांची सीडी हंड्रेड

अगं, फोटो पाहिला. गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली, सीटवर कोंबडीनं घर केलंय, तरी टाकीवरची हिरो होंडाची अक्षरं अजून वाचता येतात. मामा आपल्या दोघींना त्या गाडीवरून जत्रेला न्यायचे. तू पुढे टाकीवर, मी मागे. ती चालती करायची तर खुशाल कर, मी आहे पाठीशी. एकच कबूल कर: गाडी चालवायला तू हिच्यावर शिकायचं नाहीस.

रागावू नकोस. मी तेच केलं होतं. गाडी आचका देऊन बंद पडली की वाटायचं, क्लच मीच चुकीचा सोडला. महिनाभर स्वतःला बोल लावला. निघालं काय, तर क्लचच्या वायरीचे धागे आतल्या आत तुटत होते. मग मागचा ब्रेक कमी लागू लागला, तेव्हाही वाटलं आपलाच पाय कमी पडतोय. घरापुढच्या उतारावर तो लागलाच नाही. गुडघा फोडून घेतला, नंतर ड्रम उघडला, तर लायनर शूपासून सुटून आलेला. नवशिक्या माणसाला आपली चूक कुठली नि गाडीची कुठली, हे ओळखता येत नाही गं. म्हणून लर्निंग काढ आणि दाजींची स्प्लेंडर घेऊन जा. तिचं इंजिनही त्याच घराण्यातलं, ९७.२ सीसीचं. धडधाकट इंजिनाचा आवाज एकदा कानात बसला की मामांच्या गाडीचं काय बिनसलंय, ते तुझं तुलाच कळेल.

आरएक्स हंड्रेड घे म्हणून तुझे मित्र मागे लागलेत, त्यांचं ऐकू नकोस. ती १९९६ मध्ये बंद झाली. अस्सल भाग शोधण्यात जीव जातो. सीडी हंड्रेड १९८५ ची, पण १९९४ ला स्प्लेंडर आली आणि अजून चालू आहे, त्यामुळे इंजिनाचं बरंचसं सामान तालुक्याला मिळून जातं.

पाना हातात घ्यायच्या आधी मामीकडून आरसी बुक माग. इंजिन आणि चासीचे नंबर त्याच्याशी ताडून बघ. मामा गेल्यावर गाडी मामीच्या नावावर केली नसेल तर आधी फॉर्म ३१, मग तुझ्या नावावर करायला २९ आणि ३०. १५ वर्षं उलटून गेलीत, म्हणजे पासिंग पुन्हा करावं लागेल, पर्यावरण करही भरावा लागेल. हे होणार असं आरटीओत विचारून खात्री झाल्याशिवाय एक रुपया घालू नकोस.

आणि उत्साहाच्या भरात किक मारू नकोस. इतकी वर्षं उभ्या गाडीत रिंगा धरून बसलेल्या असतात, जोर केलास तर सिलिंडरला चरे पडतील. प्लग काढ, भोकातून चमचाभर ऑइल सोड, रात्रभर राहू दे. सकाळी प्लग न लावता किक हातानं हळूहळू दाब. फिरली तर पुढचं बोलू. टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून टाक. कार्ब्युरेटरमध्ये त्याचा चिकट थर बसलेला असणार, जेट साफ केल्याशिवाय इंजिन धड चालायचं नाही.

पण इंजिन सुरू झालं म्हणून रस्त्यावर काढायची नाही. पुढचे-मागचे ब्रेक, सगळ्या वायरी, चाकांचे बेअरिंग, टायर, हे आधी. टायर दिसायला कितीही चांगले असोत, बदल. नवे घेतानाही बाजूचे चार आकडे वाच: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुकानात पडून जुना झालेला टायर गळ्यात मारतात. इंजिन उतरवायची वेळ आली तर मिस्त्रीकडे ने, पण तिथे शेजारी बसून राहा. प्रत्येक नट कुठून निघाला त्याचा फोटो काढ.

रंग सगळ्यात शेवटी. टाकीच्या दोन्ही बाजूंना मामांच्या गुडघ्यांनी घासून रंग उडालाय बघ, फोटोतही दिसतो. तेवढा तसाच ठेवशील?